एक टोपण औषध

घरात लेकरू रांगायला लागलं की बाईची नजर जमिनीवर येते. तोवर फरशी म्हणजे झाडायची आणि पुसायची एक जागा असते. मग एके दिवशी लेकरू पालथं होतं, पुढं सरकतं आणि वाटेत जे सापडेल ते तोंडात घालतं. बाजरीचा दाणा, मेलेली मुंगी, शेळीची लेंडी, काहीही. तुमच्याआमच्या घरांत हे सगळं होऊन गेलेलं आहे. आपण बोट घालून काढतो, एक धपाटा देतो आणि विसरतो.

मोनिकाच्या घरात यात पिसवांची भर पडली होती. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला दहा-बारा घरांची ती वस्ती. बिबट्याचा सुळसुळाट झाल्यापासून सगळ्यांनी शेळ्या गोठ्यातून पडवीत आणल्या होत्या, आणि शेळ्यांमागोमाग पिसवा घरात शिरल्या होत्या. दहा महिन्यांच्या समर्थच्या पोटऱ्यांवर आणि कमरेवर लाल गांधी उठल्या होत्या. पोर झोपेतसुद्धा पाय घासायचं. नवरा अमृत दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेला होता. लेकरू लहान म्हणून मोनिका यंदा मागं राहिली होती आणि सोबतीला सासू लंकाबाई. पण लंकाबाईही भावाच्या आजारपणामुळं चार दिवस खर्ड्याला गेलेली. घरात दुसरं विचारायला कुणी नव्हतं. मोनिका लेकरू काखेला मारून शेजारी धनश्रीकडं गेली.

"वैनी, बघा ना ह्याचे पाय. पिसवांनी पार खाल्लाय."

धनश्रीनं समर्थला मांडीवर घेतलं, पाय उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "अगं, मग नवरात्रात मी ग्रुपवर टाकलं होतं ते ऐकलं नाहीस का? बसतेस मोबाईलवर रील बघत!"

"तेच ते, फरशी पुसायचं?"

"तेच. बादलीभर पाण्यात एक टोपण औषध. बस. मुंगी नाही, झुरळ नाही, पिसू नाही. माझ्या घरात बघ, एक माशी तरी दिसते का."

खरंच दिसत नव्हती. धनश्रीचं घर पाहण्यासारखं होतं. तिथल्या बोअरच्या पाण्यानं सगळ्यांच्या नळांवर पांढरा थर चढायचा, धनश्रीचे नळ मात्र लिंबाच्या सालींनी चकचकीत. करपलेलं पातेलं सोड्यानं, तेलकट डबे राखेनं, काचा जुन्या पेपरानं. बारावी सायन्स झाल्यावर तिचं लग्न झालं होतं. प्रयोगशाळेतली परीक्षानळी हातात धरायला तिला फार आवडायचं, ते सुटलं ते सुटलंच. पण स्वयंपाकघरात काहीतरी मिसळून पाहायचं, काय होतं ते बघायचं आणि चारजणींना सांगायचं, ही हौस राहिली. तिनं मोबाईलवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'धनश्रीच्या युक्त्या'. तीन गावांतल्या दोनशे चाळीस बाया त्यात होत्या. तालुक्याच्या बाजारात अनोळखी बाई थांबून "तुमीच का त्या युक्तीवाल्या?" म्हणाली, तेव्हा धनश्री दिवसभर आनंदात होती.

ती फरशीची युक्ती तिला अपघातानं सापडली होती. कांद्यावर फवारायच्या औषधाच्या बाटलीत तळाला थोडं उरलं होतं. नवरा कल्याण ते फेकायला निघाला तेव्हा तिनं पुसायच्या बादलीत ओतलं. दुसऱ्या दिवशी ओट्याखाली झुरळांचा सडा! नवरात्राच्या साफसफाईत तिनं आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. चाळीस जणींनी अंगठे दिले. एकीनं विचारलं होतं, 'ताई, घरात लहान मूल असलं तर?' धनश्रीनं उत्तर दिलं होतं, 'फिनेल चालतं, मग हे का चालणार नाही? उलट स्वच्छ राहील मूल.'

मोनिका घरी आली. माळ्यावर गेल्या वर्षी कपाशीवर फवारलेल्या औषधाचा एक लिटरचा डबा होता, निम्मा भरलेला. त्यावरचा कागद धुळीनं माखलेला. त्यावर लाल त्रिकोण होता आणि बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. मोनिकानं ते वाचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही कधी वाचत नाही. तिनं एक टोपण मोजून ओतलं. धनश्रीची बाटली शंभर मिलीची होती, तिचं टोपण करंगळीच्या पेराएवढं. या डब्याचं टोपण चहाच्या कपाएवढं होतं. पिसवा जास्त होत्या म्हणून मोनिकानं दिवसातून तीन वेळा पुसलं. थंडी होती म्हणून दारंखिडक्या लावून घेतल्या. तीन दिवसांत पिसवा गेल्या, आणि डबा दाखवून तिनं ते धनश्रीला कौतुकानं सांगितलंही. समर्थ ओल्या फरशीवर तळहात आपटत घरभर रांगत होता आणि तळहात चोखत होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो रांगला नाही.

तोंडातून लाळेची धार लागली होती. दोनदा पातळ झालं, तीनदा उलटी. अंग घामानं ओलं, आणि बाहेर तर अंगात स्वेटर घालायची थंडी. मोनिकानं हाक मारली तशी धनश्री चुलीवरचं तसंच टाकून धावली. वस्तीवरून जाणारी जीप थांबवली आणि दोघी पाथर्डीच्या एका दवाखान्यात आल्या.

"बाळाला घरात कुठलं औषध दिलं का?" डॉक्टरांनी पोट दाबत विचारलं.

"न्हाई सर. औषध कायपण न्हाई."

"गुटी? काढा? झाडपाला?"

"न्हाई ओ."

डॉक्टरांनी धनश्रीकडं पाहिलं. ती ठामपणे म्हणाली, "नाही डॉक्टर. मी शेजारीच असते. कुठलंच औषध दिलेलं नाही."

दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. हे ध्यानात घ्यावं. डॉक्टरांनी जुलाबाचे पेशंट सकाळपासून पाच पाहिले होते, हा सहावा. त्यांनी सलाईन लावलं आणि दोन तास थांबायला सांगितलं.

दुपारी एकच्या सुमाराला, निरोप मिळताच निघालेली लंकाबाई खर्ड्याहून जामखेडमार्गे एसटीनं थेट दवाखान्यात आली. काळीसावळी, वाळलेली, हाताच्या चामड्यावर पाचटानं ओढलेल्या जुन्या रेघा. वीस हंगाम तिनं ऊस तोडला होता, आणि हंगाम नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या रानात कपाशी खुरपली होती. तिनं नातवाला उचललं, छातीशी धरलं, आणि त्याच्या टाळूला नाक लावलं. मग झबल्याला. मग हाताच्या मुठीला.

"ह्याच्या अंगाला औषधाचा वास येतोय."

नर्स हसली. "आजी, दवाखाना आहे. इथं औषधाचाच वास येणार. अत्तराचा कुठून येईल?"

"ह्या औषधाचा न्हाई, बाई. त्या औषधाचा."

"कुठल्या?"

"फवारनीच्या."

नर्सला बाहेर कुणीतरी हाक मारली, ती गेली. मोनिका रडत होती, तिला काही ऐकू आलं नाही. धनश्रीला मात्र ऐकू आलं. सकाळी डॉक्टरांनी विचारलं होतं ते औषध. आणि तिनं नवरात्रात दोनशे चाळीस बायांना सांगितलं होतं तेही औषध. एकच शब्द! तिनं दोन्ही वेळा तो तितक्याच सहज उच्चारला होता. तिच्या डोक्यात तो दोन वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेला होता, म्हणून सकाळी तो शब्द ऐकूनही तिला काहीच आठवलं नव्हतं.

आता डॉक्टरांकडं जायचं आणि सांगायचं. दहा पावलांवर त्यांची खोली होती.

धनश्री उठली आणि उलट दिशेला, दवाखान्याच्या बाहेर गेली. फुटपाथवर उभं राहून तिनं मोबाईल काढला, ग्रुप उघडला, वर वर सरकवत नवरात्रापर्यंत गेली. तो आवाजाचा मेसेज तिथं होता, चाळीस अंगठ्यांसकट. तिनं बोट दाबून धरलं. 'सर्वांसाठी हटवा' हा पर्याय येतच नव्हता. दोन महिने उलटून गेले होते, आता तो फक्त तिच्या स्वतःच्या मोबाईलमधून पुसता आला असता. बाकी दोनशे एकोणचाळीस मोबाईलमध्ये तो राहणार होता, आणि त्यांच्यातून पुढं कुठं कुठं गेला होता ते देवालाच ठाऊक.

या सगळ्यात चार-पाच मिनिटं गेली. ती परत आत आली तेव्हा धावपळ सुरू होती. समर्थचा श्वास अडखळत होता. लंकाबाई वासाचं सांगू पाहत होती, पण त्या घाईत तिचं कुणी ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, "नगरला न्या, आत्ताच. माझ्याकडं श्वासाचं मशीन नाही."

भाड्याची गाडी मिळाली. मोनिका मागं, मांडीवर लेकरू. शेजारी लंकाबाई, पुढं धनश्री. पाथर्डी ते नगर तासा-सव्वा तासाचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर धनश्रीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. सांगितलं तर काय होईल? पोलीस येतील. कल्याण काय म्हणेल? बाया काय म्हणतील? आणि कशावरून तेच असेल? जुलाबच असतील. मी तर रोज पुसते, मला कुठं काय झालं! अशी एकेक सबब तिनं हातात घेतली आणि करंजीचा घाट येईपर्यंत तिच्याकडं सात-आठ सबबी जमल्या.

घाटाच्या वळणावर मोनिका ओरडली, "आत्याबाई, ह्याच्या पापन्या बघा कशा फडफडत्यात!"

लंकाबाईनं पाहिलं. मग ती पुढच्या सीटकडं बघून शांतपणे म्हणाली, "धनश्री, तुला काय म्हाईत हाय का?"

"नाही, मावशी."

हे मात्र खोटं होतं.

नगरच्या रुग्णालयात लंकाबाई केसपेपर काढायला खिडकीवर थांबली. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी समर्थच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, थांबल्या, परत मारली. मग विचारलं, "घरात कुठलं औषध होतं?"

"न्हाई मॅडम," मोनिकानं सकाळचंच उत्तर दिलं. "औषध कायच न्हाई दिलं आमी."

धनश्री भिंतीला टेकून उभी होती. तिला त्या उघड्या डोळ्यांतल्या बाहुल्या दिसल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या. एवढ्या बारीक की डोळ्यांत बाहुलीच नाही असं वाटावं.

"होतं!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की सगळे वळले. "औषध नाही, मॅडम. विष! कपाशीवर फवारायचं. फरशी पुसायच्या पाण्यात टाकलं. तीन दिवस, दिवसाला तीनदा. मीच सांगितलं होतं. हिला काही माहिती नाही, मी सांगितलं!"

डॉक्टरीणबाईंनी एक क्षणही तिच्याकडं पाहिलं नाही. "कपडे काढा सगळे. साबणपाण्यानं पुसून घ्या. उताऱ्याचं इंजेक्शन भरा, लवकर!" आणि लेकरू दाराआड गेलं.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. "श्वास मशीनवर आहे. उतारा चालू केलाय." मग त्यांनी धनश्रीला विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुपारी. पाथर्डीत."

"पाथर्डीत सांगितलं असतं तर पहिलं इंजेक्शन तिथंच मिळालं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. एखादं माप सांगावं तसं त्यांनी सांगितलं, आणि धनश्रीला ते कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

मोनिका आतल्या दाराला चिकटून बसली होती. बाहेरच्या बाकावर लंकाबाई आणि धनश्री. धनश्रीला वाटत होतं, मावशीनं एक थोबाडीत मारावी. लंकाबाईनं तसं काही केलं नाही.

"मावशी, मी एक टोपण म्हणाले होते," धनश्री रडत म्हणाली. "माझ्या बाटलीचं. एवढंसंच. तिच्या डब्याचं टोपण मोठं होतं."

"टोपनाचं सांगू नको मला. तुजं पन इखच हुतं, थोडं हुतं येवढंच." लंकाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "मी शिकलेली न्हाई. पर ऐक. सासऱ्याच्या येळंपासनं आमी ह्याला औशद म्हनत आलो. दुकानदार म्हनतो औशद, रानाचा मालक म्हनतो औशद. ते कपाशीला औशद हाय, पोरी. किड्याला ते इखच हाय. मंग तूच सांग, माजा नातू कपाशी हाय का किडा हाय?"

लंकाबाई पुढं बोलतच राहिली.

"आमचं मालक फवारून आले की मी त्यांना दारात येऊ द्येत न्हवते. बाहेर आंघूळ. कपडं येगळ्या दगडावर. बाया हसायच्या मला, म्हनायच्या लंकी लई शानी. हसू द्या म्हनलं. ते इख रानातलं, रानातच ऱ्हाईल. तुमी ते उचलून घरात आनलं, आन वर त्याला युक्ती म्हनता!"

"मला वाटलं, स्वच्छता..."

"स्वच्छ म्हंजी काय गं? मुंगी मेली म्हंजी स्वच्छ? ज्यानं मुंगी जागच्या जागी मरती, त्यावर लेकरू सोडायचं? ह्यो इचार करायला काय सायन्स लागतं?"

बाजूच्या बाकावरचा एक म्हातारा हे ऐकत होता. तो उगाच खोकला आणि दुसरीकडं बघू लागला.

संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला आला. विषबाधेच्या प्रत्येक पेशंटमागं तो येतोच. मोनिकाला धड बोलता येत नव्हतं. धनश्रीनं पुढं होऊन स्वतःचं नाव, गाव आणि ग्रुपचं नाव सांगितलं. कल्याणचा फोन आला तेव्हा तो तिच्यावर खेकसला, "तुझं नाव कशाला दिलंस? डबा त्यांचा, ओतलं तिनं! तुला कुणी विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," धनश्री म्हणाली. "दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले." आणि तिनं फोन ठेवला. त्याच बाकावर बसून तिनं ग्रुपवर नवा मेसेज टाकला. काय घडलं ते सगळं, एकही गोष्ट न वगळता, आपल्या नावासकट. लोकांनी तो वाचला. त्याला अंगठे आले नाहीत. अकरा जणी ग्रुप सोडून गेल्या.

समर्थ वाचला. हे चांगलं आहे, आणि इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. एकोणीस दिवसांनी तो घरी आला. पण घाटातल्या त्या रस्त्यावर त्याच्या मेंदूला किती वेळ पुरेसा श्वास मिळाला नाही, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. तो रांगत नाही. बसवला तर एका अंगाला कलतो. हाक मारली की उशिरा वळतो, कधी वळत नाही. "व्यायाम करत राहा, वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. अमृत हंगाम अर्धवट टाकून आला. तो धनश्रीच्या दारावरून जातो तेव्हा बोलत नाही, आणि ती त्याला दोष देत नाही. मोनिका बोलते. पण 'वैनी' म्हणत नाही.

मेसेजनं भागणार नाही हे धनश्रीला लवकरच कळलं. तिची युक्ती दुसऱ्या बाईच्या आवाजात, खाली गुलाबाची फुलं लावून, तिच्याच माहेरच्या ग्रुपवर फिरत होती. वाईट बातमीपेक्षा सोपी युक्ती जास्त लांब चालते. मग ती घरोघर जाऊ लागली. पहिल्या दिवशी एकटी निघाली होती. कोपऱ्यावर लंकाबाई काठी घेऊन उभी होती. "चल," एवढंच म्हणाली. धनश्रीला कारण विचारायचा धीर झाला नाही.

कुठं दार लावून घेतलं गेलं, कुठं चहा मिळाला. आठव्या का नवव्या घरी भीमाबाई म्हणून एक साठीची बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात उडवला. "आमच्यात तर कायबी झालं न्हाई. नवरात्रापासनं पुसतीय मी. तेवढं डोकं दुखतं म्हना."

"कधीपासून दुखतं, मावशी?"

"झालं की... नवरात्रापासनंच." भीमाबाई थांबली. तिनं आपल्या ओल्या हातांकडं पाहिलं आणि हळूच बादली पायानं बाजूला सरकवली.

ती म्हणाली, "मंग मुंग्याचं काय करू गं? तूच सांग एखादी युक्ती. तुला लई येत्यात."

धनश्रीला खूप युक्त्या येत होत्या. तिच्या ओठांवर एक आलीही. तिनं ती गिळली.

"युक्ती नाही, मावशी. रोज झाडायचं. सांडलं ते लगेच उचलायचं. गरम पाणी, फडकं आणि ऊन. आणि तरी चार मुंग्या राहिल्या, तर राहू द्यायच्या."

लंकाबाईनं काठी टेकली आणि दोघी पुढच्या घराकडं निघाल्या.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात माळ्यावर, न्हाणीत, दाराआड असा एखादा डबा असतो, ज्याला आपण लाडानं औषध म्हणतो. तो आज खाली काढावा, धूळ पुसावी आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचावं. जे रानासाठी आहे ते घरात आणू नये, आणि त्याला हाक मारायची तर त्याच्या खऱ्या नावानं मारावी. कष्ट वाचवणारी प्रत्येक गोष्ट युक्ती नसते. वाचलेले कष्ट कधीकधी घरातलं सगळ्यात लहान माणूस भरत असतं. आणि चूक झालीच, तर ती कळल्या क्षणी बोलावी. लाज सोसता येते. उशिरानं जे होतं, त्याला उतारा नाही.